बिसी नीर

जतच्या पुढं गेलं की
पाट्यांवरची अक्षरं गोल होत जातात.
बदलीचा कागद घेऊन मी उतरले तेव्हा
तिथल्या बोलीतला एकच शब्द मला येत होता : नीर.
टँकर आला की पोरं तेवढंच ओरडतात.

फेब्रुवारी. रात्रीचे साडेदहा.
छोट्या हत्तीच्या हौद्यात गादी अंथरून
काशव्वा सुनेला घेऊन आली.
शिवलीला, पहिलटकरीण,
कळा सगळ्या पाठीतनं.
खाटेचा दांडा धरून ती म्हणत होती, नोवु, नोवु,
आणि मी शिकलेलं सगळं मराठीतनं सांगत होते :
श्वास घे. डावीकडं वळ. जोर आत्ता नको.
ती माझ्याकडं बघत होती
कुणीतरी चालू ठेवलेल्या रेडिओकडं बघावं तसं.

इराव्वा आयानं पदर खोचला,
मागच्या दारी तुरकाट्या पेटवल्या.
मी म्हटलं, गच्चीवर सोलर आहे ना?
आहे की सिस्टर, वर पाणीच चढत नाही.

बॅरलात हात घालून तिनं मोजलं :
कोपरापर्यंत. टँकर परवा.
मला हिशेब येतो. मी म्हटलं,
बाळाला लागेल, अवजारं उकळायची आहेत,
नंतर फरशी.
इराव्वा म्हणाली, फरशी थांबेल.

न्हाणीत लाल प्लास्टिकचं स्टूल.
शिवलीला भिंतीला कपाळ टेकून बसली.
इराव्वानं आधी स्वतःच्या कोपरावर पाणी घेतलं,
थोडं गार मिसळलं, परत कोपर,
मग तांब्या कलता केला
कंबरेवर, जिथं एक मूठ बसेल एवढी खोलगट जागा असते तिथं,
धार तुटू न देता,
आंबील ओततात तशी.

खांदे खाली आले.
मी बघितलं ना. कानापाशी चढलेले दोन खांदे
हळूहळू आपल्या जागी उतरले.
कळ आली, गेली,
आणि ती डोळे न उघडता म्हणाली,
बिसी नीर.
मग, इन्नष्ट.
याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

साताऱ्यात, सहा वर्षांपूर्वी,
मी अशीच होते. अशी नाही, टेबलावर,
हाताला सलाईन, उठायचं नाही म्हणून सांगितलेलं.
भिंतीपलीकडं गिझर होता.
दार उघडलं की त्याचा तांबडा दिवा दिसायचा.
रात्रभर कुणीतरी बादल्या भरत होतं,
मी ऐकत होते.
मी स्वतः नर्स. मागितलं नाही.
मागायची गोष्ट आहे हेच डोक्यात आलं नाही.

दोन वाजता इराव्वाचा हात भरून आला.
तांब्या मी घेतला.
पहिली धार घाईची पडली. शिवलीला दचकली.
इराव्वा म्हणाली, सिस्टर, सलाईन फास्ट करताय काय?
मग जमलं.
मध्येमध्ये डॉप्लर लावत होते : एकशे बेचाळीस, एकशे अडतीस,
ओल्या पोटावर तो छोटा घोडा दौडत होता,
त्याला पाण्याची काही घाई नव्हती.

कळा थांबल्या नाहीत हं.
पाण्यानं कळा थांबत नाहीत,
शेवटी ती ओरडलीच, खाटेवर, माझं मनगट धरून,
चार निळे डाग अजून आहेत.
पण दोन कळांच्या मधली जागा
तिची तिला मिळाली होती.

पहाटे सव्वाचार. दोन किलो आठशे.
मुलगा का मुलगी काशव्वानं विचारलं नाही.
तिनं विचारलं, बॅरलात किती राहिलं?
इराव्वानं मनगट दाखवलं.

आठला तोच छोटा हत्ती परत आला,
हौद्यात गादी नव्हती,
दोन घागरी होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या.
कुठनं आणल्या, मी विचारलं नाही.

फरशी मी दुपारी पुसली.

महिनाअखेरीला मागणीपत्र लिहिलं :
मोठं पातेलं, झाकणासह, एक.
तांब्ये, दोन.
तालुक्याहून क्लार्कचा फोन आला,
मॅडम, कारण रिकामं ठेवलंय, निर्जंतुकीकरण टाकू का?
मी म्हटलं, नाही.
पाठ लिहा.